मुक्काम: दरबार छावणी, दिल्ली

डोळे उघडा, पण पांघरूण एवढ्यात सोडू नका. आधी हात लांब करून कनात चाचपा. ओली लागेल. रात्रभर दव पडलं आहे आणि जाड कापडाच्या आतल्या अंगालाही ओल उतरली आहे. बाहेर धुकं आहे, आणि त्या धुक्यात शेकडो चुलींचा धूर मिसळल्यामुळे घशात खवखवतं. 1911 सालचा डिसेंबर आहे. दिल्ली शहराच्या उत्तरेला, बुराडी गावाकडे जाणाऱ्या वाटेच्या अंगाला, बडोदे सरकारच्या छावणीतल्या एका राहुटीत तुम्ही झोपला आहात.

तुम्ही मास्तर आहात. बडोद्यातल्या मराठी शाळेत शिकवता. इंग्रजी अक्षर वळणदार, म्हणून फरासखान्याच्या याद्या दोन भाषांत लिहायला तुम्हाला इथे आणलं. रेल्वेचं भाडं सरकारी. बिछाना फरासखान्याचा, जेवण मुदपाकखान्याचं, अंघोळीचं ऊन पाणी भिश्ती दाराशी आणून देतो. मुक्काम संपेपर्यंत खिशातला एक पैसाही काढावा लागणार नाही.

"मास्तर, उठा आता. चहा निवतोय," फरासखान्याचे नाईक बाहेरून हाक मारतात. ते महाराजांच्या स्वाऱ्यांबरोबर तंबू घेऊन गावोगाव फिरलेले आहेत. तुम्ही शेगडी आत ओढायला निघालात, तर ते तुमचा हात धरतील. "आत नको. एक ठिणगी उडाली तर अख्खी रांग जाईल." कापडाच्या या शहरात थंडीपेक्षा आगीची भीती मोठी आहे.

शाल गुंडाळा आणि बाहेर या. धुकं विरळ होईल तसं शहर दिसू लागेल. सुमारे 25 चौरस मैलांत दोनशेहून अधिक छावण्या पसरल्या आहेत. आठ-दहा महिन्यांपूर्वी इथे शेतं होती आणि पावसाचं पाणी तुंबणारी सखल जमीन होती. आता खडीचे रस्ते आहेत, रस्त्यांवर विजेचे दिवे आहेत, आत फिरणारी छोटी रेल्वे आहे, टपाल आणि तार कचेऱ्या आहेत, दवाखाने आणि पोलोची मैदानं आहेत. हिरवळ आणि गुलाबाचे ताटवे महिनोन् महिने आधी लावून ठेवले आहेत, कारण पाहुण्यांना धूळ दिसता कामा नये. धूळ तरीही आहेच. दुपारी घोडे धावू लागले, की ती दातांत कचकचते. मराठी कानाला इथे एकटं वाटणार नाही. ग्वाल्हेरची छावणी आहे, इंदूरची आहे, कोल्हापूरचे शाहू महाराज आले आहेत. रस्त्यात कोणी "काय राव, कुठले?" असं विचारलं, तर दचकू नका.

या दिवसांत दिल्लीत असणं मुळात रिवाजाला धरून नाही. हिंदुस्थान सरकारचा हिवाळा कलकत्त्यात जातो आणि उन्हाळा सिमल्यात. त्या दोन मुक्कामांमध्ये दिल्लीला जागा नाही. इथे येतात ते जुन्या इमारती पाहणारे प्रवासी आणि व्यापारी. राज्यकर्त्यांच्या हंगामात हे गाव बसत नाही. दरबार भरवायचा असेल तेव्हाच ते वापरायला काढतात. 1877 साली लॉर्ड लिटनने काढलं, 1903 साली लॉर्ड कर्झनने, आणि आता पंचम जॉर्ज राणी मेरीसह स्वतः आले आहेत. राज्यावर असलेला इंग्लंडचा राजा हिंदुस्थानात पाऊल ठेवतो आहे, ही पहिलीच वेळ.

7 डिसेंबरला सकाळी त्यांची आगगाडी सलीमगडाशी थांबली. तुम्ही नाइकांबरोबर रस्त्याच्या कडेला उभे होता. लोक हत्तीची वाट पाहत होते. बादशहा म्हटला की हत्ती, अंबारी, वर छत्र, अशी त्यांची खात्री होती. फील्ड मार्शलच्या गणवेशातला एक गोरा घोड्यावरून इतर अंमलदारांमध्ये मिसळून गेला आणि कितीतरी लोकांना तो ओळखताच आला नाही. "गेला का? कोणता तो?" असं तुमच्या शेजारची म्हातारी विचारत होती, तोवर मिरवणूक पुढे सरकली होती.

जेवणाकडे वळू. बडोद्याच्या मुदपाकखान्यात मराठी आचारी आहेत, त्यामुळे तुमच्या पानात भाकरी, रस्सा आणि कढी येणार. पण एखाद्या पहाटे गावात जा. चांदणी चौकात गजक आणि रेवडी मिळते, आणि थंडीतल्या पहाटे दुधाच्या फेसाची दौलत की चाट विकणारे थाळे घेऊन बसतात. ऊन चढलं, की तो फेस बसून जातो. एवढी एक गोष्ट मात्र तुम्हाला स्वतःच्या पैशांनी घ्यावी लागेल, आणि ती घ्याच.

बाकी सगळं मिळतं. फक्त कुठे उभं राहायचं, कधी चालायचं, किती पावलं चालायचं आणि किती वेळा वाकायचं, हे आधीच ठरवून छापलेलं असतं. संस्थानिकांनी राजासमोर येऊन मुजरा कसा करायचा, त्याची रंगीत तालीम असते. पुढे जायचं, वाकायचं आणि पाठ न दाखवता मागे सरकायचं. दरबाराच्या आदल्या दिवशीच्या तालमीला आपले महाराज गेले नाहीत, अशी कुजबुज मुदपाकखान्यात तुमच्या कानावर येते. कढी ढवळता ढवळता एक आचारी म्हणतो, "त्यांना काय शिकवायचं? ते तेरा वर्षांचे होते तेव्हा इथेच आले होते."

त्याचं म्हणणं खरं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा 1875 साली दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला आणि 1 जानेवारी 1877 ला याच दिल्लीत लिटनच्या दरबारात बसला. दख्खनेत आणि मद्रास इलाख्यात त्या वेळी दुष्काळाने माणसं मरत होती. त्या दरबाराला पुण्याहून आणखी एक मराठी माणूस आला होता. गणेश वासुदेव जोशी, लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून, हाताने कातलेल्या सुताची पांढरी खादी अंगावर घालून ते त्या जरीच्या गर्दीत आले. चौदा वर्षांच्या आतल्या सयाजीरावांनी त्यांना पाहिलं असेल का, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण 12 डिसेंबरची, दरबाराची दुपार समजून घ्यायची असेल, तर ती खादी डोळ्यांसमोर असलेली बरी.

12 डिसेंबर, मंगळवार. पहाटेपासून चाला, नाहीतर जागा मिळणार नाही. मैदानाच्या एका अंगाला निमंत्रितांसाठी अर्धगोलात मांडव घातला आहे, दुसऱ्या अंगाला सामान्य लोकांसाठी मातीचा लांबलचक बांध आहे. तुम्ही बांधावर. मध्ये हजारो सैनिक उभे. त्यापलीकडे सोनेरी घुमटाचा उंच मंडप, आणि आणखी पलीकडे शामियाना, जिथे राजा संस्थानिकांचे मुजरे घेणार. दुपारी बाराच्या सुमारास 101 तोफा सुटतात आणि पायाखालची माती थरथरते. राजाच्या डोक्यावर या समारंभासाठी मुद्दाम घडवलेला मुकुट आहे, सहा हजारांहून जास्त हिऱ्यांचा. त्या मुकुटाच्या वजनाने डोकं दुखलं, हे त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं, पण बांधावर बसलेल्या माणसाला ते कसं कळणार? तुम्हाला दुरून एक चकाकणारा ठिपका दिसतो.

मुजरे सुरू होतात. निजाम मीर उस्मान अली खान पहिले. ते चारच महिन्यांपूर्वी गादीवर बसले आहेत. दुसरे गायकवाड.

तुम्ही टाचा उंचावता. पांढऱ्या साध्या कपड्यांतली एक आकृती पुढे जाते. हिरे नाहीत, कमरेला तलवार नाही, हातात काठी आहे. आकृती एकदा वाकते, वळते आणि चालू लागते. राजाकडे पाठ करून. एवढंच. मग म्हैसूर, मग पुढचे. बुरख्यातल्या भोपाळच्या सुलतान जहाँ बेगमही येऊन जातात. ती पांढरी आकृती वळली तेव्हा तुमच्या आसपास कुणी श्वास रोखला नाही, कारण इथून ते फारसं कुणाला दिसलंच नाही. तुम्हालाही वाटलं, ठीक झालं, आपले महाराज सुखरूप जागेवर बसले.

पण मैदानात चित्रपटाचे कॅमेरे होते. विलायतेतल्या पडद्यावर लोकांनी तो प्रसंग पाहिला आणि वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला. हा राजद्रोह आहे, गायकवाडांना गादीवरून काढा, इथपर्यंत मजल गेली. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या सल्ल्यावरून महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंगना पत्र लिहिलं. आपल्यापुढे फक्त निजाम होते, त्यामुळे रीत नीट पाहता आली नाही, गोंधळ झाला, असा खुलासा केला आणि दिलगिरी व्यक्त केली. ते पत्र छापून आलं. हा गोंधळ होता की ठरवून दाखवलेली पाठ, यावर अजूनही वाद घातला जातो. मला वाटतं, दागिने उतरवून आणि काठी हातात घेऊन आलेला माणूस आपल्याला काय करायचं नाही, हे ठरवून आलेला होता; पावलं किती टाकायची, याचा गोंधळ त्याच वेळी झालाही असेल. तीन आठवडे सगळी सोय पुरवणारा यजमान एका अर्ध्या मुजऱ्यासाठी गादी काढून घेण्याची भाषा करू शकतो, हे मात्र त्या पांढऱ्या कपड्यांमुळे सगळ्यांना दिसलं.

सोय पुरवणारा यजमान, असं मी म्हटलं खरं, पण तुमच्या हातातली यादी वाचा. राहुट्या, डेरे, कनाती, सतरंज्या, गालिचे, दोर, मेखा. सगळ्यावर बडोद्याच्या फरासखान्याचा शिक्का. प्रत्येक संस्थानिकाने आपली छावणी आपल्या खर्चाने उभारायची, ही या निमंत्रणाची रीत. म्हणजे तुमच्या चहाची साखर आणि भिश्त्याचं ऊन पाणी शेवटी बडोदे राज्यातल्या कुणब्याच्या साऱ्यातून आलं आहे.

त्याच दुपारी, समारंभ उरकत आला असता, राजा शामियान्यात परत येतो आणि स्वतः उठून काही वाचतो. ध्वनिक्षेपक नाहीत. बांधावर काहीच ऐकू येत नाही. आधी शामियान्यात खळबळ, मग टाळ्या, मग बातमी तोंडातोंडी तुमच्यापर्यंत पोचते आणि पोचता पोचता तिची मोडतोड होते. "राजधानी आणली." "कुठे?" "इथे. दिल्लीला." मूठभर अधिकाऱ्यांखेरीज कुणालाही याचा सुगावा नव्हता. वंगभंगही रद्द झाला. कालपर्यंत हंगामाबाहेर असलेलं गाव एका वाक्यात हंगामाचं ठिकाण झालं. शेजारचा दिल्लीवाला डोक्यावरची टोपी सारखी करत नुसता बसून राहतो.

संध्याकाळी छावणीत मात्र दुसराच विषय चालू आहे, आणि तो हळू आवाजात. आपल्या महाराजांची मुलगी, राजकन्या इंदिराराजे, कूचबिहारच्या छावणीत फार वेळ असतात. त्यांचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं आहे. बडोदं आणि ग्वाल्हेर, दोन मोठी मराठा घराणी. मुलगी एकोणीस वर्षांची, नवरा मुलगा पस्तिशीचा आणि आधीच एक राणी असलेला. इथे तिची गाठ कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी पडली. थोड्याच दिवसांत तिने स्वतः शिंद्यांना पत्र लिहून लग्न मोडलं, आईबापांना न विचारता. 1913 साली लंडनमध्ये तिचं आणि जितेंद्र यांचं लग्न झालं तेव्हा सयाजीराव आणि राणी चिमणाबाई हजर नव्हते. जयपूरच्या गायत्रीदेवी ही त्या दोघांची मुलगी. दरबाराच्या इतिहासात या गोष्टीला तळटीप मिळते. मला ती मोठी वाटते. हजारो माणसांना उभं राहायची जागा नेमून दिलेल्या त्या मैदानावर एका मराठा मुलीने आपली जागा आपण निवडली, आणि बापाने व्हाइसरॉयला लिहिलं तसं दिलगिरीचं पत्र तिने कुणाला लिहिलं नाही.

आता पुढचे दिवस भराभर जाऊ देत. 13 ला राजा-राणी लाल किल्ल्याच्या झरोक्यात बसले आणि खाली यमुनेच्या काठाकडे लोकांचा पूर लोटला. 14 ला सैन्याची कवायत. 15 ला नव्या राजधानीचे दोन दगड छावणीतच बसवले. पुढे जागा बदलली आणि ते दगड रायसीनाच्या टेकडीवर नेले. 16 ला राजा नेपाळच्या शिकारीला निघून गेला.

आणि तुमचा खरा मुक्काम इथून सुरू होतो.

पाहुणे गेले. महाराज गेले, मोठे कामदार गेले. मुदपाकखान्यातले निम्मे आचारी गेले. राहिले नाईक, खलाशी, फरास, भिश्ती, झाडूवाले आणि याद्या लिहिणारे तुम्ही. चारी बाजूंना डेरे उतरताहेत. एक डेरा उतरवायचा तर आधी कनाती सोडतात, मग दोर ढिले करतात, मधला खांब धरून चौघे जण "धीरे, धीरे" म्हणत छत खाली आणतात. ओलं कापड तसंच गुंडाळलं तर बुरशी धरेल, म्हणून दुपारच्या उन्हात पसरून ठेवायचं, आणि डिसेंबरात दिल्लीचं ऊन फार वेळ तापत नाही. म्हणून काम रेंगाळतं. कुठे खुर्च्या-टेबलांचा लिलाव चालू आहे. रस्त्यांवर पाणी मारणारे निघून गेले, त्यामुळे गुलाबांवर धुळीचा थर बसला आहे. भिश्ती अजून येतो, पण पाणी कोमट असतं.

तुम्हाला हे दिवस आवडू लागतील. कुणाच्या स्वारीसाठी वाटेतून बाजूला व्हावं लागत नाही. नाइकांबरोबर सामान मोजत फिरताना ते सांगतात की तंबूचं शहर उठवणं हे उभारण्यापेक्षा अवघड, कारण उभारताना सगळ्यांना घाई असते आणि उठवताना कुणालाच नसते. त्या एका कामाविषयी त्यांना जितकं कळतं, तितकं दरबाराच्या कमिटीतल्या कुणाला कळत असेल, असं मला वाटत नाही. त्यांचं नाव कुठल्याही अहवालात नाही.

हमाली इथल्या माणसांची आहे. आसपासच्या गावांतली मजूर मंडळी मेखा उपटायला येतात. ही जमीन त्यांच्यातल्या कित्येकांची, किंवा त्यांच्या भाऊबंदांची. त्यांच्याबरोबर एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा येतो. उपटलेल्या मेखा गोळा करतो, दहा-दहाचे ढीग लावतो आणि तुम्हाला ओरडून सांगतो. त्याची मोजणी चुकत नाही. मास्तरच्या कानाला ते लगेच कळतं.

"शाळेत जातोस?" तुम्ही मोडक्या हिंदुस्थानीत विचारता.

तो हसतो. बाप त्याच्या वतीने उत्तर देतो, "साहब, किस लिए?"

तुमच्या राज्यात या बापाला दंड झाला असता. 1893 साली अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सयाजीरावांनी सक्तीचं मोफत शिक्षण सुरू करून पाहिलं आणि 1906 पासून सगळ्या राज्याला लागू केलं. मुलगे सात ते बारा वर्षांचे, मुली सात ते दहा वर्षांच्या. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाचं नाव लिहून घ्यायचं काम तुम्ही स्वतः केलं आहे. ते काम तुम्हाला आवडत नव्हतं. लोक घरात बसून शिव्या देत. पण दोन-तीन वर्षांत तीच पोरं दुकानदाराची वही वाचून आईला सांगू लागली, आणि शिव्या कमी झाल्या.

दरबारात 50 लाख रुपये शिक्षणासाठी जाहीर झाले, ही बातमी तुम्ही वाचली आहे. सैनिकांना आणि कमी पगाराच्या सरकारी नोकरांना अर्ध्या महिन्याचा पगारही मिळाला. नाइकांनी तुम्हाला ती बातमी दोनदा वाचायला लावली. "म्हणजे या पोराला शाळा मिळणार?" त्यांनी विचारलं. मिळेलही. राजाने दिलेल्या रकमेतून शाळा निघते. न मिळाली तर मागायला जायचं कुठे, हे कुठे लिहिलेलं नसतं. बडोद्याच्या कायद्यात ते लिहिलेलं आहे. मुलाला पाठवायची सक्ती बापावर, आणि शिकवण्याचा खर्च राज्यावर.

गोखल्यांना हेच सगळ्या हिंदुस्थानासाठी हवं होतं. 16 मार्च 1911 ला, दरबाराच्या नऊ महिने आधी, त्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यांच्यासमोर बडोद्याचं उदाहरण होतं. सरसकट सक्तीही त्यांनी मागितली नव्हती. जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड तयार असेल, तिला आपल्या हद्दीत सक्ती करण्याची परवानगी द्या, एवढंच मागणं होतं. तुम्ही छावणीत मेखा मोजत आहात, त्या दिवशी ते विधेयक विचाराधीन आहे. संध्याकाळी नाइकांना ते समजावून सांगा. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, पण त्यांना आत्ताच सांगू नका.

मार्च 1912. राजधानी बदलल्याची घोषणा झाली असली तरी मंडळाची बैठक अजून कलकत्त्यात आहे. खर्च फार येईल, लोकांचीच मागणी नाही, असे आक्षेप सरकारी सभासद घेतात. बिनसरकारी सभासदांतलेही काही विरोधात जातात. मतं पडतात: बाजूने 13, विरोधात 38.

पुढच्या हिवाळ्यात सरकार दिल्लीला राहायला आलं. 23 डिसेंबर 1912 ला हार्डिंग हत्तीवरून चांदणी चौकातून जात असताना त्यांच्यावर बॉम्ब पडला आणि ते जबर जखमी झाले. तरीही हंगाम ठरला तो ठरला: हिवाळा दिल्लीला, उन्हाळा सिमल्याला. 1931 साली नव्या दिल्लीचं उद्‌घाटन झालं. दरबाराच्या मैदानाला पुढे कॉरोनेशन पार्क नाव पडलं, आणि इंडिया गेटसमोरचा पंचम जॉर्जचा पुतळा 1960 च्या दशकात उचलून तिथे आणून ठेवला. हिवाळ्यात आजही तिथे धुकं उतरतं, आणि बुराडीची पोरं पुतळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळतात.

साऱ्या दिल्लीसाठीचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा संसदेने 1960 साली केला. मेखा मोजणारा तो मुलगा तेव्हा साठीला टेकलेला असता, आणि त्याचा नातू पहिलीत जाण्याच्या वयाचा.